मुंबईचा प्रेसिडेंट, पुण्यातला गृहकलह आणि बोरघाटाची वाट

खोपोलीत उभे राहून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची भिंत समोर येते. अडीचशे वर्षांपूर्वी या भिंतीच्या पायथ्याशी इंग्रजांचे एक परराष्ट्रधोरण दोनदा येऊन थांबले. पहिल्या वेळी ते घाट चढून गेले आणि वडगावला त्याने शस्त्र खाली ठेवले. दुसऱ्या वेळी घाटात दोन-अडीच महिने बसून ते खालापूर-चौकच्या वाटेने पनवेलला परतले. वडगावची कथा आपण पराक्रमाची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. या धाग्यात मात्र तिची दुसरी बाजू मांडायची आहे : हे सैन्य खालापूरच्या शिवारात आलेच कशासाठी, आणि ज्याच्या धोरणामुळे ते आले त्या प्रेसिडेंटवर त्याच्याच लोकांनी कोणती टीका केली.

प्रथम 'प्रेसिडेंट' या शब्दाविषयी. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींचा कारभार एक मंडळ पाही. त्या मंडळाचा अध्यक्ष तो प्रेसिडेंट, आणि त्याच्या अमलाखालचा मुलूख ती प्रेसिडेन्सी, म्हणजेच पुढे आपल्या तोंडी रुळलेला 'इलाखा'. पश्चिम किनाऱ्यावरील हे ठाणे आधी सुरतेस होते. १६८७ मध्ये ते मुंबईस आले. १७७१ पासून मुंबईच्या या खुर्चीवर विल्यम हॉर्नबी बसला होता. त्याच्या नावामागे 'प्रेसिडेंट आणि गव्हर्नर' अशी दोन्ही बिरुदे लागत. निर्णय मंडळाच्या बहुमताने होत, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे योग्य नाही. पण धोरणाला चेहरा त्याचाच होता.

या मंडळाची इच्छा जुनी होती : साष्टी आणि वसई. मुंबई हे तेव्हा एक अरुंद बेट. सभोवतालचा मुलूख मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतलेला. बेटाचे उत्पन्न खर्चाला पुरत नव्हते, आणि खाडीपलीकडे साष्टीची भातशेती व ठाण्याचा किल्ला डोळ्यांसमोर दिसत होता. वाटाघाटींनी ते मिळेना. मग पुण्यात आभाळ फाटले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर आले. काही महिन्यांतच नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली. तेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवेला, गंगाबाईंना, पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पदच्युत रघुनाथराव मदतीसाठी दारोदार फिरू लागले. त्यांपैकी एक दार मुंबईचे होते.

येथे घटनांचा क्रम नीट लक्षात घ्यावा, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. पोर्तुगीज पुन्हा वसईवर येणार अशी बातमी पुढे करून मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्येच ठाणे घेतले आणि साष्टी ताब्यात आणली. रघुनाथरावांशी करार त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये सुरतेस झाला. त्यानुसार मुंबईने सुमारे अडीच हजार सैन्य द्यायचे. रघुनाथरावांनी त्याचा दरमहा दीड लाख रुपये खर्च सोसायचा, सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवायचे, आणि साष्टी व वसई कायमची तोडून द्यायची. थोडक्यात, जी जमीन आधीच घेतली होती तिचे दानपत्र नंतर लिहून घेतले गेले. देणाऱ्याच्या हाती तेव्हा देण्याजोगे काहीच नव्हते. वसई त्यांच्या ताब्यात नव्हती आणि पुणेही नव्हते.

याच सुमारास कंपनीच्या घरातही मोठा बदल झाला होता. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आणि मद्रास यांच्यावर कलकत्त्याचा अंकुश बसवला. कलकत्त्याचे नवे मंडळ ऑक्टोबर १७७४ मध्ये कामास लागले. त्याच्या संमतीवाचून एतद्देशीय सत्तांशी युद्ध किंवा तह करू नये असा कायदा होता. निकडीचा प्रसंग किंवा विलायतेहून थेट आलेला हुकूम एवढेच अपवाद. सुरतेचा तह या दोहोंपैकी कशातच बसत नव्हता. मुंबईने विचारले नाही. केले आणि मग कळवले.

मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासला कर्नल कीटिंग आणि हरिपंत फडके यांची लढाई झाली. इंग्रजांनी मैदान राखले, पण अधिकारी बरेच गमावले. त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याहून जे पत्र निघाले ते कंपनीच्या पत्रव्यवहारातल्या सर्वांत कडक पत्रांपैकी एक मानावे लागेल. मुंबईने आरंभलेले युद्ध अविचारी, धोक्याचे, अनधिकृत आणि अन्याय्य आहे, असे चार शब्द त्यात एकापाठोपाठ एक घातले होते.

या चार शब्दांची फोड करण्यासारखी आहे. 'अनधिकृत' हा कायद्याचा मुद्दा, आणि तो निर्विवाद. 'धोक्याचे' हा हिशेबाचा मुद्दा : मूठभर पलटणी घेऊन अख्ख्या मराठी राज्याशी वैर धरणे. 'अविचारी' यात राजकीय चूक येते, म्हणजे सारा डाव एका माणसावर लावणे, आणि तोही असा माणूस की ज्याच्यावर पुतण्याच्या खुनाचा आरोप होता. राहिले 'अन्याय्य'. पुण्याच्या दरबाराने मुंबईवर हल्ला केला नव्हता, हा त्याचा अर्थ. कंपनीच्या कागदांत हा शब्द सहजी सापडत नाही. कलकत्त्याला न्यायाची एकाएकी आठवण झाली की मुंबईला वेसण घालण्यासाठी तो शब्द हाताशी आला, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मला दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते.

मुंबई गप्प बसली नाही. मंडळातील विल्यम टेलर बाजू मांडायला कलकत्त्यास गेला. तरीही कलकत्त्याने कर्नल अप्टनला परस्पर पुण्याकडे धाडले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये ठरले, आणि रघुनाथरावांनी पेन्शन घेऊन गोदाकाठी कोपरगावी राहावे असे ठरले. आणि त्याच वर्षी लंडनहून संचालकांचे पत्र मुंबईला पोचले : सुरतेचा तह त्यांना पसंत होता! तीन ठिकाणचे तीन मालक, तीन मते, आणि लंडनचे पत्र यायला लागणारे महिनोन्महिने. हॉर्नबीने या फटीचा पुरेपूर उपयोग केला. पुरंदरचा तह कागदावर राहिला आणि रघुनाथराव कोपरगावऐवजी मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला राहिले.

पुढची दोन वर्षे जगाचे राजकारण बदलणारी होती. अमेरिकेत वसाहतींचे युद्ध पेटले होते आणि फ्रान्स त्यात उतरण्याच्या बेतात होता. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरून पुण्यास आला. नानांनी त्याचे जाहीर स्वागत केले. हा मनुष्य किती खरा आणि किती बतावणीचा हा प्रश्नच होता, पण नानांना त्याचा उपयोग इंग्रजांना धास्ती घालण्यापुरता होता. पुण्यातील इंग्रज वकील मॉस्टिन याच्या पत्रांनी ती धास्ती मुंबईत रीतसर पोचवली. फ्रेंचांना चौल मिळाले तर मुंबईच्या दाराशी शत्रू बसेल, हे हॉर्नबीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

मार्च १७७८ मध्ये पुण्यात पुन्हा उलथापालथ झाली. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी सत्ता हाती घेतली; तुकोजी होळकर त्यांच्या बाजूस होते आणि सखारामबापूंचाही आतून पाठिंबा होता. नाना पुरंदरावर गेले. मोरोबांच्या पक्षाने मुंबईला निरोप धाडला : रघुनाथरावांना घेऊन या. मुंबईला हवे होते ते हेच. मंडळाने युक्तिवादही शोधला. पुरंदरच्या तहावर पुण्याकडून मुख्य नाव सखारामबापूंचे. तेच जर आता रघुनाथरावांना बोलावत असतील, तर तह मोडला असे कसे म्हणता येईल? वकिलाला शोभणारा हा मुद्दा आहे.

पण जुलै १७७८ पर्यंत महादजी शिंद्यांच्या बळावर नाना परतले. मोरोबा कैद होऊन नगरच्या किल्ल्यात गेले, तुकोजींना वळवण्यात आले, सखारामबापू निष्प्रभ झाले. ज्यांनी आमंत्रण दिले त्या घरात आता दुसरेच लोक नांदत होते. पावसाळा सरल्यावर मुंबईचे सैन्य निघाले ते या शिळ्या आमंत्रणावर. हॉर्नबीच्या धोरणावरची सर्वांत मोठी टीका माझ्या मते हीच आहे, आणि ती कलकत्त्याच्या त्या चार शब्दांत नाही. बेकायदा धोरण यशस्वी होऊ शकते. कंपनीच्या इतिहासात तशी उदाहरणे कमी नाहीत. पण चार महिन्यांपूर्वीच्या पुण्याशी केलेले राजकारण आजच्या पुण्यात चालत नाही.

आणि कलकत्ता? १७७५ चा कठोर टीकाकार वॉरन हेस्टिंग्ज १७७८ मध्ये फ्रेंचांच्या भीतीने मुंबईच्या बाजूला झुकला होता. फिलिप फ्रान्सिसचा विरोध डावलून त्याने काल्पीहून एक बंगाली फौज खुष्कीच्या मार्गाने पश्चिमेकडे पाठवली. ती फौज अजून बुंदेलखंडाच्या बाजूला असताना, तिची वाट न पाहता, मुंबई निघाली. यश एकट्याचे असावे ही हौस त्यामागे असेलच, पण कलकत्त्याची फौज आली की तिच्याबरोबर कलकत्त्याचा हुकूमही येणार, हेही कारण असावे.

आता आपण आपल्या वाटेवर येऊ. २४ नोव्हेंबर १७७८ रोजी रघुनाथरावांशी नवा करार झाला. कॅप्टन जेम्स स्टुअर्टच्या आघाडीच्या तुकडीने बोरघाट जवळजवळ विनाविरोध घेतला. मागून कर्नल एजर्टनची मुख्य फौज पनवेलला उतरली. लढणारे सुमारे ३,९००. आणि त्यांच्या सामानासाठी बैल एकोणीस हजार. हा आकडा क्षणभर मनात धरावा. माणसामागे जवळपास पाच बैल. पनवेल, चौक, खालापूर, खोपोली ही वाट तेव्हा गाडीवाट नव्हती. ती बैलांच्या तांड्यांची आणि हमालांची पायवाट. नोव्हेंबरच्या अखेरीस इथली भातकापणी होऊन पेंढा रचला जातो. एकोणीस हजार जनावरांचे तोंड त्या वाटेवरून सरकत गेले तेव्हा खालापूर मुलखातल्या गंजींचे काय झाले असेल, हे सांगायला दप्तराची गरज नाही.

तोफा चढवण्यासाठी घाटात रस्ता करावा लागला. दीड हजार फुटांहून अधिक चढ. पनवेलला उतरलेले सैन्य घाटमाथ्यावर गोळा व्हायला २३ डिसेंबर उजाडला. महिना गेला. स्वारीची सूत्रे एका समितीकडे : कार्नॅक, मॉस्टिन आणि एजर्टन. कार्नॅक मुलकी अधिकारी, एजर्टन लष्करी, आणि दोघांचे पटत नव्हते. ज्याला पुण्याची खरी माहिती होती तो मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. नानांना या महिन्याभराच्या सवडीचे मोल ठाऊक होते. महादजी, हरिपंत, तुकोजी सारे एकत्र आले. तोफखान्याचे भिवराव पानसे घाटमाथ्यावर इंग्रजांना सतावू लागले.

खंडाळा ते तळेगाव हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचे. त्याला सतरा दिवस लागले. कार्ल्याजवळ स्टुअर्ट मारला गेला. त्याचे शौर्य मराठ्यांना इतके भावले की 'इष्टूर फाकडा' या नावाने शत्रू आपल्या बोलीत शिरला. वडगावला त्याची समाधी दाखवतात. रघुनाथराव दिसताच सरदार धावत येऊन मिळतील, या एका गृहीतावर सारी स्वारी उभी होती. एकही नावाजलेला सरदार आला नाही. ९ जानेवारीला तळेगाव गाठले तर गाव ओस आणि जाळलेले. पुढे चिंचवड आणि पुणेही वेळ पडल्यास जाळायची तयारी होती. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून माघार सुरू झाली. वडगावजवळ वेढा पडला आणि १६ जानेवारी १७७९ रोजी करार झाला. १७७३ पासून मिळवलेले सारे, साष्टीसह, परत करायचे. बंगालची फौज माघारी न्यायची. हमीसाठी दोन इंग्रज ओलीस. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. उरलेले सैन्य मराठी घोडदळाच्या सोबतीने त्याच बोरघाटाने खाली उतरले.

मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही हा करार नाकारला. समितीला तो करण्याचा अधिकारच नव्हता, हे कारण दाखवण्यात आले. सुरतेचा तह अनधिकृत म्हणून चार वर्षांपूर्वी नाकारला गेला होता. आता तोच शब्द सोयीचा ठरला. करार नाकारता येतो, पण त्याने आलेली नामुष्की तितक्या सहजी पुसता आली असती तर बरे, अशा आशयाची खंत हेस्टिंग्जने व्यक्त केली. लंडनने एजर्टन, त्याच्यानंतर सूत्रे घेतलेला कॉकबर्न आणि कार्नॅक यांना नोकरीतून काढले. हॉर्नबी जागेवर राहिला. ज्याने आज्ञा पाळली तो गेला आणि ज्याने दिली तो टिकला, असे कोणी म्हटले तर ते अगदी खोटे नाही. मात्र पराभवानंतर शांत डोक्याने मुंबई सावरली ती हॉर्नबीनेच, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरी खेप १७८१ ची. तोवर बंगालची फौज जनरल गॉडर्डच्या हाताखाली सुरतेस पोचली होती आणि सूत्रे कलकत्त्याकडे गेली होती. डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली. पण मोठ्या पटावर नानांनी अधिक मोठा डाव मांडला होता : हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून इंग्रजांविरुद्ध एक फळी. हैदर कर्नाटकात घुसल्यावर मद्रास संकटात सापडली आणि कलकत्त्याला मराठ्यांशी तह हवासा झाला. गॉडर्डला वाटले, बोरघाट घेतला की पुण्याला धडकी भरेल आणि तह लवकर होईल. ८ फेब्रुवारी १७८१ ला त्याने घाट घेतला. आघाडी माथ्यावर, मुख्य तळ खाली खोपोलीला.

पुणे घाबरले नाही. हरिपंतांमार्फत उत्तर आले की हैदरला वगळून तह होणार नाही. आणि मग या मुलखाच्या भूगोलाने आपले काम सुरू केले. बोरघाटाचे तोंड दाबले म्हणून सह्याद्री बंद होत नाही. उत्तरेस कुसूर घाट कर्जतच्या बाजूला भिवपुरीजवळ उतरतो. दक्षिणेस कुरवंड्याची वाट चावणीच्या रानात, उंबरखिंडीकडे येते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला गाठले ती हीच उंबरखिंड. घाट राखणाऱ्याच्या पाठीमागे उतरायच्या वाटा स्थानिकांना ठाऊक असतात, पाहुण्याला नसतात. परशुरामभाऊ पटवर्धनांचे स्वार कोकणात उतरले आणि त्यांनी घाटावरचा तळ सोडून पनवेल ते खोपोली यांमधील रसद धरली. मार्चमध्ये कॅप्टन मॅकेचा काफिला झोडपला गेला. एप्रिलमध्ये कर्नल ब्राउनला धान्य घेऊन येताना चौकच्या आसपास असे घेरले की त्याला सोडवायची पाळी आली. खोपोलीच्या तळावर बसलेल्या सेनापतीला पुण्याची नव्हे, चौकच्या वाटेची चिंता लागली.

२० एप्रिलच्या सुमारास गॉडर्ड निघाला. खालापूर, चौक आणि पनवेल या माघारीत होळकर व हरिपंत घाट उतरून त्याच्या पाठीवर, आणि पटवर्धन बाजूला. २३ एप्रिलला तो पनवेलला पोचला तेव्हा मेलेले आणि जखमी मिळून ४६६ माणसे कमी झाली होती, त्यांत अठरा युरोपीय अधिकारी. वडगावसारखी ही शरणागती नव्हती, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही. या भागातील मुलांना तरी ती सांगायला हवी. तिचे रणांगण त्यांच्या शाळेच्या वाटेवर आहे. खोपोलीला नाना फडणिसांनी बांधवलेले तळे आणि महादेवाचे मंदिर आजही आहे. नानांचे या पायथ्याशी नाते त्या तळ्याइतकेच या माघारीचेही आहे.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली. इंग्रजांकडे राहिली ती साष्टी, जी सुरतेच्या तहावर सही होण्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये त्यांच्या हाती आली होती. हॉर्नबी १७८४ मध्ये मायदेशी गेला. मुंबईत त्याचे नाव बांधावर आणि रस्त्यावर राहिले. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग हा पूर्वीचा हॉर्नबी रोड. रघुनाथराव पेन्शन घेऊन गोदाकाठी कोपरगावला गेले आणि १७८३ च्या डिसेंबरात तेथेच वारले. पुरंदरच्या तहाने सात वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी नेमलेले गाव तेच होते.